डुलक्याची गव्हाण

दुपारी दोनच्या पुढे वटार गावात काही घडत नाही. केळीची पानं हलायची थांबतात, सोनचाफ्याचा वास जागच्या जागी उभा राहतो, राजोडीचा समुद्र झोपेत कूस बदलावी तसा लांबून ऐकू येतो, आणि जयरामच्या वाडीमागच्या बावखलात आठ रेडे उतरतात. बावखल म्हणजे वाडीला पाणी देणारं जुनं तळं. त्या आठांतले सात अंघोळीला आल्यासारखे वागतात. ढुशा देतात, चिखल उडवतात, थोड्याच वेळात कंटाळून काठावरचं गवत हुंगत बसतात. हुंगण्यापलीकडे काही करता येत नाही, कारण प्रत्येकाच्या तोंडाला काथ्याची मुसकी. इथे एक काडीसुद्धा हिशेबाबाहेर पोटात जाता कामा नये, असा जयरामच्या मुलीचा, संजनाचा हुकूम.

आठवा मात्र पाण्यात शिरला की विरघळतो. वर उरतात दोन कान, शिंगांची टोकं आणि मुसकीतलं ओलं नाक. डोळे मिटलेले. मधूनच एखादा कान हलतो, तोही माशीने फार आग्रह केला तर. खंड्या येऊन त्याच्या शिंगावर बसतो, मासा धरतो, पुन्हा बसतो. आजूबाजूला आकाश पसरलेलं असतं, उलटं, माडांसकट, आणि त्या आकाशाच्या बरोबर मध्यभागी तो डुलत असतो. बघणाऱ्यालाही जांभई येते.

त्याचं नाव डुलक्या. ते पुतळाबाईंनी ठेवलं.

पुतळाबाई म्हणजे जयरामची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला तेव्हा माहेरी परत आल्या आणि आल्या दिवसापासून या घरातल्या प्रत्येकाचं पोट त्यांच्या ताब्यात. त्यांच्या लेखी माणसं दोनच जातींची, ताट स्वच्छ करणारी आणि ताटात टाकणारी. जयराम पहिल्या जातीतला, म्हणून त्याचे बाकीचे सगळे अवगुण माफ. त्याच्या मुलीला, म्हणजे संजनाला, अंधेरीच्या नोकरीवाल्याचं स्थळ आलं होतं. मुलगा देखणा, घर स्वतःचं. पण पोह्यांची अर्धी बशी ठेवून उठला. पुतळाबाईंनी त्याच रात्री निकाल दिला, "ज्याला पोह्याची किंमत नाय, त्याला पोरीची काय असनार?" संजनालाही तो फारसा आवडला नव्हता, म्हणून तिने या कायद्याविरुद्ध अपील केलं नाही.

संजना पशुसंवर्धनाची पदविका घेऊन काही वर्षं पालघरला एका पशुखाद्याच्या कंपनीत होती. तिथून ती एक कल्पना घेऊन घरी आली. हायवेच्या बाजूच्या तबेल्यांत म्हशीला नर झाला की मालकाचं तोंड पडतं. दूध विकायचं की त्याला पाजायचं? अशी नकोशी पिलं तिने अल्पेश नावाच्या तबेलेवाल्याकडून आणली, वाढवली, आणि दीड वर्षाची झाल्यावर त्यांची परीक्षा मांडली. प्रत्येकाला वेगळा गाळा, वेगळी गव्हाण. संध्याकाळी नेपियर गवताची बारीक कुट्टी, पेंढा आणि मक्याचा भरडा तोलून घालायचा. सकाळी गव्हाणीत उरेल ते तोलायचं आणि वजा करायचं. दर रविवारी पहाटे, पाणी पाजायच्या आधी, रेड्याला काट्यावर चढवायचं. पोटात किती गेलं आणि अंगावर किती आलं, एवढाच प्रश्न.

अल्पेशशी बोली सरळ होती. शिमग्याआधी सात रेडे खाटकाकडे जाणार. राहणार एकच, जो कमीत कमी खाऊन अंगाला लावेल तो. तो अल्पेशच्या तबेल्यात वळू म्हणून जाणार, म्हणजे पुढची पिलंही तशीच निपजतील.

आठांतला एक वाचणार हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी पुतळाबाई बावखलाच्या काठावर जरा जास्त वेळ बसल्या. डुलक्या आला तेव्हा मांजराएवढा होता म्हणतात. म्हणणाऱ्या त्याच. पण बाटलीने त्यांनी त्याला जगवला हे खरं, आणि त्यांनी हाक मारली की तो एक डोळा उघडतो हेही खरं. दुसऱ्या कुणासाठी तो तेवढीही तसदी घेत नाही.

"आत्या, नीट ऐक," संजनाने समजावलं होतं. "जास्त खाणारा नकोय. कमी खाऊन तेवढाच वाढणारा पाहिजे. अल्पेशभाईंना तेच हवंय."

"ऐकलं."

"पटलं का?"

"पटलं म्हनजे काय, तू शिकलेली."

हा होकार नव्हता. संजनाला तो होकार वाटला, इथेच पहिली तूट आली.

थंडी सरत आली तसा परीक्षेचा कल स्पष्ट दिसायला लागला. पहिला होता हवालदार. छाती काढून चालणारा, मान वर, गव्हाणीत घातलेलं सगळं फस्त करून वर लाकूड चाटणारा. त्याचं वजन दर रविवारी झकास वाढायचं. डुलक्याचं वजनही वाढत होतं, हवालदारापेक्षा किंचित कमी. पण गंमत अशी की गव्हाण त्याचीही रोज स्वच्छच. सकाळी सातला संजना गोठ्यात यायची तेव्हा आठही गव्हाणी धुतल्यासारख्या. तोलायला काही नाहीच. पोट भरत नसेल म्हणून ती संध्याकाळचा वाटा वाढवायची. दुसऱ्या सकाळी पुन्हा स्वच्छ. हवालदाराइतकंच खाऊन त्याच्याहून कमी वाढणारा डुलक्या मोबाईलमधल्या यादीत घसरत घसरत पाचवा झाला.

"दिवसभर पाण्यात झोपतो आणि रात्री बकासुर," जयराम म्हणाला. "माझा मेव्हणा असाच होता."

"तुझा मेव्हना म्हनजे माझा नवरा," पुतळाबाई म्हणाल्या.

जयरामने केळीच्या घडाकडे काही महत्त्वाचं दिसल्यासारखं बघितलं आणि तिकडे निघून गेला.

आता वाडीच्या पलीकडचं. मध्ये कमरेएवढी दगडी भिंत आणि भिंतीपल्याड प्लासिडचं घर. प्लासिड लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. आता दम पुरत नाही म्हणून फक्त दोन बकऱ्यांसाठी वाजवतो. संध्याकाळी देवळाची घंटा वाजून गेली की त्याचे सूर केळीच्या पानांवरून घसरत इकडे येतात. एखाद्या वरातीतला घोडा वाट चुकून धुक्यात हिंडतोय असं वाटतं. बावखलातले माडही त्या वेळी जरा वाकून ऐकतात. तर त्या हिवाळ्यात प्लासिडच्या बकऱ्या अचानक अंगाने सुटल्या. पोटं गोल, अंगावर अशी चकाकी की उन्हात बघवेना. प्लासिड येईल त्याला दाखवायचा.

"बघ संजना, यांना काय घालतो मी? केळीच्या साली. तोच पाला, तेच पाणी. मग हे कुठनं आलं?"

"कुठनं, अंकल?"

"संगीत," प्लासिड गंभीरपणे म्हणाला. "म्युझिक अंगाला लागतं. तुमच्या शास्त्रात नसेल ते."

"माझ्या परीक्षेला बसवा ना त्यांना. पहिल्या येतील."

ती हसत भिंतीवर रेलली आणि बकरीची हनुवटी खाजवायला हात पुढे केला. बकरीच्या दाढीला पिवळं काहीतरी चिकटलं होतं. संजनाने बोटांवर घेतलं, चोळलं, हुंगलं. मक्याचा भरडा. त्यात तिने स्वतः मिसळलेलं खनिज मीठ, ज्याचा वास वटारमध्ये दुसऱ्या कुठल्या घरात यायचं कारण नव्हतं. भिंतीच्या पायथ्याशी बघितलं तर नेपियरची कुट्टी, तिच्याच यंत्राच्या मापाची, ओलसर, लाळेचा चिकटा लागलेली. एका बाजूचा खर्च दुसऱ्या बाजूला जमा झाला होता आणि क्लॅरिनेटला त्याचा पत्ताही नव्हता.

ती प्लासिडला काही बोलली नाही. म्हातारा सुखात होता.

दुसऱ्या दिवशी ती उजाडण्याआधी उठली. बावखलावरचं धुकं त्या वेळी वाडीत शिरलेलं असतं. केळी दिसत नाहीत, नुसते त्यांचे आकार दिसतात, आणि गोठ्यातला पिवळा दिवा पाण्याखाली ठेवल्यासारखा वाटतो. त्या उजेडात पुतळाबाई वाकून डुलक्याची गव्हाण दोन्ही हातांनी टोपलीत उपसत होत्या. डुलक्या शेजारी डोळे मिटून रवंथ करत होता. जबडा इतका सावकाश फिरत होता की तो काल संध्याकाळचा चारा चघळतोय की गेल्या जन्मीचा, सांगता येऊ नये. टोपली भरली. बाईंनी ती कमरेवर घेतली, भिंतीपर्यंत गेल्या, पलीकडे रिकामी केली. परत येऊन पदराने गव्हाण पुसली आणि रेड्याच्या मानेवर थाप मारली.

"खाल्लंस ना सगलं? शाब्बास. शानं माझं बाल."

"आत्या."

पुतळाबाई दचकल्या नाहीत. टोपली मात्र त्यांनी पाठीमागे धरली, लहान मुलाने धरावी तशी.

"रोज?" संजनाने विचारलं.

"रोज म्हनजे... टाकतो तो. आधी मूठभर टाकायचा. तू वाढवत गेलीस, तसं जास्तच टाकायला लागला. मी तरी काय करू?"

"अगं, पण मला सांगायचं! उरलेलंच तर मोजायचं होतं!"

"उरलेलं लोकांना दाखवतात?"

"आत्या, जो कमी खाईल तोच जिंकणार होता. मी सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलंस." पुतळाबाईंनी टोपली खाली ठेवली आणि तिच्याच शेजारी उकिडव्या बसल्या. "पोरी, मुलगी बघायला येतात ते पन सांगतात, आमाला रंगाचं काय नाय. आनि जाताना रंगच बघून जातात. हा तुझा अल्पेश बोलतो, कमी खानारा पायजे. येऊन उभा राहील, गव्हान बघील आनि बोलंल, हा तर खातच नाय, आजारी दिसतो, चढवा टेम्पोत. लोक बोलतात एक, घेतात दुसरं. मी काय आज बघते लोकांना?"

संजनाला हसूही आलं आणि रडूही. आत्याचा माणसांबद्दलचा अंदाज दहांत नऊ वेळा बरोबर निघायचा. ही नेमकी दहावी वेळ होती. पोराचं नाव राखण्यासाठी तिने रोज पहाटे त्याच्या नावावर टोपलीभर न खाल्लेलं अन्न मांडलं होतं, आणि त्याच ओझ्याखाली तो पाचवा झाला होता.

"टेम्पो शनिवारी येणार आहे," संजना म्हणाली. "माझ्या यादीत हवालदार पहिला आहे."

पुतळाबाईंचा चेहरा त्या पिवळ्या उजेडात हळूहळू उतरत गेला. "म्हनजे मीच घालवला त्याला?"

डुलक्याने आवंढा गिळला, नवा घास पोटातून वर आणला आणि पुन्हा चघळू लागला.

फोनवर अल्पेश आधी वैतागला. "मॅडम, टेम्पो बुक आहे. हवालदार पहिला ना? मग हवालदार द्या, विषय संपला."

"माझी यादी चुकलीय, अल्पेशभाई. यादी चुकीची आहे हे माहीत असून तुम्हाला वळू दिला, तर पुढची दहा वर्षं तुम्ही चुकीची पिलं वाढवाल."

पलीकडे थोडा वेळ म्हशींचा आवाज आला. "किती दिवस पाहिजेत?"

"तीन आठवडे."

"चारा तुमचा. आणि मोजताना मी मधूनच कधीही येणार, न सांगता. तुमच्या आत्यांना सांगून ठेवा."

मग वटारमध्ये एक नवा कार्यक्रम सुरू झाला. रोज सकाळी पुतळाबाईंनी स्वतःच्या हाताने, सगळ्यांच्या देखत, डुलक्याचं उरलेलं काट्यावर ठेवायचं. ही अट संजनाची. प्लासिड पहिल्याच दिवशी खुर्ची घेऊन भिंतीशी आला. बकऱ्याही आल्या, त्यांची कारणं वेगळी. पुतळाबाई टोपली घेऊन निघाल्या त्या मान वळवून, सुनेने करपवलेला स्वयंपाक पाहुण्यांसमोर न्यावा तशा.

"पुतळाबाय, भरली की टोपली!" प्लासिड ओरडला. "एवढं टाकलं?"

"तुझ्या बकऱ्यांना विचार, त्यांना म्हाईत आहे," त्या म्हणाल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हे बोलायला नको होतं.

प्लासिडने बकऱ्यांकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं. "म्हणजे थोडं संगीत आणि थोडं हे," असा शेवटी त्याने तह केला. पुढच्या आठवड्यात बकऱ्या पूर्ववत दिसायला लागल्या, तेव्हापासून तो संध्याकाळी जास्त वेळ वाजवू लागला. तोडगा म्हणून वाईट नव्हता. आम्हां ऐकणाऱ्यांचा फायदा झाला.

अल्पेश दोनदा आला, एकदा भल्या पहाटे. गव्हाणीसमोर उभा राहिला. शिल्लक राहिलेला चारा बघितला. पुतळाबाई खांबाला धरून त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. आता म्हणेल आजारी आहे, आता म्हणेल.

"हे एवढं उरवून अंगावर मांस हे?" अल्पेशने डुलक्याच्या पाठीवर हात फिरवला, बरगड्या चाचपल्या, शेपटीच्या मुळाशी दाबून बघितलं. "क्या बात है. हा दिवसभर करतो काय?"

"झोपतो," जयराम म्हणाला.

"तेच. फुकट हिंडण्यात खर्च नाही करत. मावशी, माझ्या तबेल्यात असे दहा असते ना, तर मीपण झोपलो असतो."

पुतळाबाईंच्या तोंडावर जे आलं ते हसूच होतं, पण त्यात आश्चर्य जास्त होतं. माणूस बोलल्याप्रमाणे वागत होता. असं बघायची त्यांना सवय नव्हती.

तीन आठवडे संपले. संजनाने पडवीत बसून सगळ्यांना आकडे वाचून दाखवले. अंगावर एक किलो चढवायला हवालदाराला नऊ किलोच्या आसपास कोरडं खाद्य लागत होतं. डुलक्याला सात किलोसुद्धा पुरत होतं. बाकीच्यांना हवालदारापेक्षाही जास्त. डुलक्या पहिला, हवालदार दुसरा. जयरामने शिट्टी वाजवली. भिंतीपलीकडून प्लासिडने क्लॅरिनेटवर वरातीची एक ओळ फुंकली आणि दम लागून मध्येच सोडली.

पुतळाबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग पदर तसाच धरून विचारलं, "आनि दुसऱ्याचं काय?"

"दुसऱ्याचं काय म्हणजे?" संजना म्हणाली.

"हवालदाराचं. परवापर्यंत तोच राहनार होता ना?"

सगळ्यांनी डुलक्याच्या नावाची बेरीज केली होती. वजाबाकी कुणाच्या नावावर पडते, हे बघायचं राहून गेलं होतं.

"अल्पेशला विचार, दोन नाय घेता येत?"

संजनाने विचारलं. अल्पेशने नाही म्हटलं, रागाने नव्हे, जागा नाही म्हणून. वळूला गाळा एकच होता.

शनिवारी पहाटे दोन गाड्या आल्या. धुकं इतकं होतं की त्यांचे दिवे आधी आले आणि गाड्या मागून. छोट्या गाडीत डुलक्या चढला. चढला म्हणजे चढवला. आत गेल्यावर तो बसला आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच डुलायला लागला. पुतळाबाईंनी फळीवरून हात घालून त्याचं कपाळ चोळलं. त्याने एक डोळा उघडला, मिटला. गाडी केळीच्या आकारांमधून निघून गेली, तिचा लाल दिवा काही वेळ धुक्यात विरघळत राहिला आणि मग तोही नाहीसा झाला. रडणार असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. वळल्या आणि गोठ्यात गेल्या.

मोठ्या गाडीत एकेक रेडा चढत होता. हवालदार शेवटचा. त्याची गव्हाण रात्रीच स्वच्छ झाली होती, लाकूड चाटलेलं. पुतळाबाईंनी त्याच्यापुढे कुट्टी घातली, वर भरडा घातला, काट्यावर न तोलता, ओंजळीने, जितका हाती आला तितका. हवालदाराने मान खाली घातली आणि नेहमीसारखा मन लावून खायला लागला, काही म्हणजे काही न टाकता. गव्हाणीच्या एका कोपऱ्यापासून त्याने सुरुवात केली होती आणि पद्धतशीर दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकत होता. पुतळाबाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. कोपरा जवळ येत होता. त्यांनी टोपलीतलं आणखी थोडं घातलं.

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. जयराम दारात आला.

"ताई, सोड त्याला. बाकीचे चढले. उशीर होतोय त्यांना."

"होऊ दे," पुतळाबाई म्हणाल्या आणि टोपली पुन्हा भरायला वाकल्या. "जेवतोय तो."